करुणाच्या गाडीचं स्टेअरिंग

रोवणे, म्हणजे भाताची लावणी, आटोपले की आमच्याकडे गवताचे दिवस सुरू होतात. बांध्यांमध्ये धान हिरवं उभं राहतं, बायांच्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्या सुकायला लागतात, आणि जे कोणीच लावलं नाही ते गवत शेताच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर, शाळेच्या मैदानावर आपोआप वर येतं. दोन दिवस ऊन आणि एक दिवस पाऊस मिळाला की घोट्यापर्यंत. आठवडाभर दुर्लक्ष केलं की पिंढरीपर्यंत.

यंदाही तसंच आलं आहे. काल सकाळी मैदानाचा पहिला पट्टा कापला आणि तो ओला, कच्चा वास वर आला. लोकांना त्या वासानं बरं वाटतं. शाळेतल्या मॅडम तर मुद्दाम व्हरांड्यात येऊन उभ्या राहतात. मला मात्र त्या वासानं आधी लाज वाटते, आणि मग चार वर्षांपूर्वीचा तो श्रावण एकेक करून आठवत जातो.

माझं सासर कोंढ्याचं. गावापासून जवळच एक निवासी शाळा आहे, मोठ्या मैदानाची. मैदानाच्या एका अंगाला उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी बोडी, म्हणजे लहानसा तलाव. मी आणि माझी धाकटी जाऊ करुणा, आम्ही दोघी त्या शाळेत बागकामाला होतो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला 'बाई' म्हणायची, अजूनही म्हणते. घरात एक चूल, शाळेत एक काम, जायची-यायची वाट एक. विळ्यानं गवत कापायचो, दाताळ्यानं ओढायचो, भारे बांधून गोठ्याला पाठवायचो. तोवर आमच्यात भांडण असं कधी झालं नव्हतं, कारण दोघींजवळ सारखंच होतं.

मग शाळेत गवताची गाडी आली.

बसून चालवायची. लाल रंगाची, लहान ट्रॅक्टरसारखी, पण इतकी बुटकी की तिच्यावर बसलेला माणूस खुर्चीवर बसल्यासारखा दिसावा. पोटाखाली पातं फिरायचं आणि एका बाजूनं गवत उडायचं. शाळेचं व्यवस्थापन पाहणारे हटवार सर आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून म्हणाले, "कोणाला गाडी चालवता येते?"

करुणानं हात वर केला. ती लग्नात माहेराहून स्कूटी घेऊन आली होती.

मी हात वर केला नाही. मला चालवता येत नव्हतं. पण सरांनी जर विचारलं असतं, की कोणाला गाडी कळते, तर मी दोन्ही हात वर केले असते. सानगडीला बाजाराच्या रस्त्यावर माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बारावी होईपर्यंत शाळा सुटली की मी तिथंच असायची. वाकड्या चाकाची आउट काढून ते सरळ करायची, बेअरिंगच्या गोळ्या मोजून भरायची, नुसत्या आवाजावरून कोणता आटा गेला ते सांगायची. बाबा गिऱ्हाइकांना म्हणायचे, "पोरीले दाखवा, मी फक्त पैसे घेतो." लग्न झालं आणि ते सगळं थांबलं. सासरी कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चुलीजवळ बसलेल्या बाईला तुला लोखंड कळतं का, असं कोण विचारणार?

तर करुणा गाडीवर बसली आणि मी दाताळं घेऊन तिच्या मागून चालायला लागले. ती कापायची, मी गोळा करायची.

मत्सर कसा येतो हे मला त्या दिवसांत कळलं. तो काही एकदम येत नाही. पहिल्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, करुणानं आज गाडी चालवली." दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं तिला 'ट्रॅक्टरवाली मावशी' म्हणायला लागली. मला त्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग पालकसभेच्या दिवशी कोणीतरी तिचा फोटो काढला, गाडीवर बसलेला, डोक्याला ओढणी बांधलेली, दात दिसेपर्यंत हसणारी. तो सगळ्या गावाच्या मोबाईलवर फिरला. फोटोच्या कडेला दाताळ्याचा दांडा आणि माझा एक हात आला होता. मी तो फोटो कितीदा तरी पाहिला. दरवेळी आधी माझा हात पाहायची.

एक दिवस जेवताना माझे यजमान म्हणाले, "करुणानं नाव काढलं बाप्पा घराचं." ते सहज म्हणाले. त्यांना आणखी भात हवा होता. मी वाढला, पण तो घास त्यांच्या तोंडात जाईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहत राहिले, की आता माझ्याबद्दल काही बोलतील. त्यांनी वरण मागितलं.

त्यानंतर मी तिच्या चुका शोधायला लागले. पट्टा वाकडा गेला की मला बरं वाटायचं. गाडी बंद पडली की बरं वाटायचं. एकदा तिची ओढणी वाऱ्यानं उडून बोडीकाठच्या बेशरमच्या झुडपांत अडकली, तेव्हासुद्धा बरं वाटलं. इतक्या लहान गोष्टींवर माझं पोट भरत होतं.

पोळा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. गाडीचे पट्टे खरंच वाकडे यायला लागले. करुणा स्टेअरिंग धरून सरळ चालवायची, पण गाडी डावीकडे ओढायची. वळताना ती स्टेअरिंग अर्धं फिरवायची तेव्हा कुठं पुढची चाकं हलायची. मागून चालणाऱ्या माणसाला जे दिसतं ते गाडीवर बसलेल्याला दिसत नाही. मला स्पष्ट दिसायचं, की वळणावर उजवं चाक आधी वळतं आणि डावं चाक थोडं थांबून, जणू विचार करून वळतं.

दुपारी करुणा जांभळीखाली डबा खायला बसली, तेव्हा मी हात पुसायचं निमित्त करून गाडीजवळ वाकले. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक दांडा असतो. त्याच्या डाव्या टोकाच्या सांध्यावरचा नट सैल होऊन पार खाली आला होता, जेमतेम दोन आट्यांवर लटकलेला. स्टेअरिंगच्या खांबाखाली दात्यांची एक अर्धगोल पट्टी असते. खांबाचं लहान दातेरी चाक तिच्यावर फिरतं, आणि तिच्यामुळे चाकं वळतात. त्या पट्टीचे मधले दाते घासून गुळगुळीत झाले होते. नट कसायला पाच मिनिटं, पट्टी जवळ घ्यायला अर्धा तास. मी वाकून हे सगळं पाहिलं, उभी राहिले, आणि हात पदराला पुसला.

डबा उघडून करुणा वाट पाहत होती. तिनं माझ्यासाठी भाकरीचा तुकडा वेगळा काढून ठेवला होता.

"बाई," ती म्हणाली, "गाडी काहून अशी करते काही समजत नाई. सर म्हणते तुले चालवता येत नाई. तुमच्या बाबाचं दुकान होतं नं? पाहता का जराशी?"

इतकं सरळ विचारलं तिनं.

"सायकलचं होतं वो," मी म्हटलं. "मोटारचं मले काय समजते?"

आणि मी तिनं ठेवलेला भाकरीचा तुकडा खाल्ला.

पुढचे आठ दिवस मी त्या नटाच्या मागं दाताळं घेऊन चालत होते. भंडाऱ्याहून एक मिस्त्री आला, त्यानं पुढच्या चाकांत हवा भरली, "आता ओढणार नाई" असं सांगून गेला. गाडी ओढतच राहिली. शाळेत जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा होणार होत्या. हटवार सर मैदानावर आले, वाकडे पट्टे पाहिले आणि सगळ्यांसमोर करुणाला म्हणाले, "हे काय आहे? साप गेल्यासारखं? दोन दिवसांत सरळ कर, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर पाहतो." करुणा खाली पाहून उभी होती. तिच्या मानेवर घामाला चिकटून गवताचे कण बसले होते. मी ते कण पाहत होते आणि मनात म्हणत होते, पाहा म्हणावं दुसरा ड्रायव्हर.

मी तिचं वाईट चिंतत नव्हते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तिला काही व्हावं असं मला वाटत नव्हतंच. मला फक्त ती त्या खुर्चीवरून उतरायला हवी होती. पण सैल नटाला या दोन्हींतला फरक कसा कळणार?

त्या सकाळी रात्रीच्या पावसानं मैदान ओलं होतं. करुणा उताराच्या कडेचा पट्टा घेत होती. बोडीच्या अलीकडे तिनं गाडी वळवायला घेतली. मी पंधरा-वीस पावलं मागं होते. तिचे हात फिरताना मला दिसले. उजवं चाक वळलं. डावं चाक वळलंच नाही, ते बाहेरच्या बाजूला फाकलं, आणि गाडी सरळ उतारावरून खाली निघाली.

"करुणा, उतर!" मी ओरडले. आठ दिवसांत तिच्या उपयोगाचं मी बोलले ते एवढंच.

तिनं उतरायच्या आधी उजवं चाक एका दगडावर आदळलं. स्टेअरिंग झटक्यानं उलटं फिरलं आणि तिचा अंगठा त्याच्या दांडीत अडकला. ती एका बाजूला पडली. ती खुर्चीवरून उठताच इंजिन बंद झालं, तशी सोय असते त्या गाडीत, म्हणून पातं थांबलं. गाडी बेशरमच्या झुडपांत पुढची चाकं पाण्यात घालून उभी राहिली. मी धावत गेले. करुणा चिखलात बसून उजवा हात छातीशी धरून होती. रडत नव्हती. तिचे डोळे माझ्यावर होते.

"मी वळवलं होतं जी, बाई," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं नं? मी वळवलं होतं."

पवनीच्या दवाखान्यात अंगठ्याच्या मुळाचं हाड मोडल्याचं निघालं. प्लास्टर घालून तिला घरी आणलं. शाळेत हटवार सर म्हणत होते, की ओल्यात घाई केली, मी आधीच सांगत होतो, हे तिचं काम नाही. चार-पाच जण मान हलवत होते. मीही त्यांत उभी होते, आणि माझी मान हलेना.

"सर, चूक तिची नाई," मी म्हटलं. "नट गळून पडला. कोणी चालवली असती तरी हेच झालं असतं."

"तुला काय माहीत?"

"मले माहीत हाय. मी दुरुस्त करून दाखवतो."

कधीपासून माहीत आहे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गाडी दोरानं ओढून शेडमध्ये आणली. शाळेच्या इलेक्ट्रिशियनकडून पान्यांची पेटी घेतली. आधी प्लगची वायर काढली, पुढचा भाग उचलून विटांवर ठेवला. किती वर्षांनी माझ्या नखांत ग्रीस गेलं होतं, आणि मला सांगायला शरम वाटते, पण मला त्या वेळी सुख वाटत होतं. हात आपसूक चालत होते. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खुंट चिखलानं आवळले होते, ते उतरवून, धुऊन, ग्रीस भरून परत बसवले. झिजलेल्या दात्यांची पट्टी खाली सरकली होती. तिच्याखाली एक वायसर जास्तीची घालून ती वर, लहान चाकाच्या जवळ घेतली. नवी पट्टी येईपर्यंत तेवढं पुरणार होतं. जुना सांधा काढून दुसरा घातला आणि त्याला नवा नट बसवला, आपोआप सैल न होणारा.

करुणा कधी येऊन पोत्यांच्या थप्पीवर बसली ते मला कळलं नाही. हात गळ्यात बांधलेला. ती बराच वेळ पाहत होती. मग तिनं खाली वाकून डाव्या हातानं तो जुना सांधा उचलला आणि उजेडाकडे धरला. त्याचे आटे एका बाजूनं घासून चकाकत होते.

"हे काही एका दिवसाचं घासणं नाई," ती म्हणाली. "होय नं, बाई?"

"नाई."

"मी तुमाले विचारलं होतं."

"होय."

"तवा माहीत होतं तुमाले?"

शेडच्या पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या. मी पाना खाली ठेवला. खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता, आणि तो मी वापरायच्या बेतातही होते. तोंडातून निघालं ते मात्र वेगळंच.

"होय. त्याच दिवशी पाहिलं होतं."

तिनं सांधा होता तिथं ठेवून दिला. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. ती म्हणाली, "काम पुरं करा."

मी दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून दोरीनं मोजलं, मागून मोजलं. पुढून किंचित कमी यायला हवं, म्हणजे गाडी सरळ धावते. दांडा फिरवून तेवढं आणलं. विटा काढल्या. मी हात पुसत असताना करुणा उठली.

"आता बसा."

"मी? मले चालवता येत नाई."

"मले चालवता येत होतं, तरी गेली नं मी खाली. बसा. बोडीकडे न्या. दुरुस्त झाली का नाई, ते पहिले तुम्हीच पाहा."

जन्मात मी स्कूटीसुद्धा धरली नव्हती. तिनं शेजारी चालत चालत सांगितलं, क्लच कुठं, वेग कुठं, पातं बंद ठेवा. उताराच्या कडेशी येऊन ती थांबली आणि मला हातानं पुढं जायची खूण केली. गाडीच्या तोंडापुढं उतार आणि खाली ते पाणी दिसलं. मागून चालताना हा उतार मला कधी एवढा उभा दिसला नव्हता. मी स्टेअरिंग फिरवलं. चाकं वळली. दोन्ही, एकदमच. गाडी बोडीकडे पाठ करून वर चढायला लागली आणि माझ्या तोंडून हुंदका निघाला.

मी वर येऊन पाहिलं तर करुणा घराच्या वाटेला लागली होती.

प्लास्टर निघालं, पण तिचा अंगठा पुरता मिटत नाही. दोन तास स्टेअरिंग धरणं तिला जमेना. तोपर्यंत सरांनी गाडी माझ्याकडे दिली होती, दुरुस्तीही आणि चालवणंही. ज्या खुर्चीवर मी जळत होते ती अशी माझ्याकडे आली. आता शाळेची पोरं मला ट्रॅक्टरवाली मावशी म्हणतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी गाडी थांबवून मागं पाहिलं, करुणाला हाक मारली असेल म्हणून.

ती वसतिगृहाच्या कोठीवर गेली. महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होती, मीठ संपलं, गॅस आला, एवढंच. मग हळूहळू पूर्वीसारखं बोलायला लागली. मला वाटलं होतं की ती घरात सांगेल. निदान नवऱ्याला तरी सांगेल. तिनं कोणालाच सांगितलं नाही. उलट पाहुणे आले, कोणी अंगठ्याबद्दल विचारलं, की ती गोष्ट रंगवून सांगायची, गाडी कशी निघाली, बोडीतले बगळे कसे उडाले, आणि शेवटी म्हणायची, "मंग आमच्या बाईनं दुरुस्त केली. सानगडीच्या हायेत त्या, मिस्त्रीची पोरगी." सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. ते आठ दिवस तिच्या गोष्टीत नसायचेच.

आणि मी पुन्हा जळायला लागले. फोटोवर नाही, खुर्चीवर नाही. तिच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं, असं काहीतरी होतं ते. तिचा मोडका हात आणि तिचं मोकळं हसणं. माझे दोन्ही हात धड, तरी ती गोष्ट सुरू झाली की मला उठून आत जावं लागायचं. वाटायचं, ही मला लोकांसमोर एकदा बोलेल तर बरं. हिचं मन एवढं मोठं कशासाठी?

परवा पोळ्याच्या पाडव्याला करुणाची मोठी बहीण आली होती. आम्ही सगळ्या पडवीत तरोट्याची भाजी निवडत बसलो होतो, सासूबाईसुद्धा. करुणा डाव्या हातानं पानं खुडत होती. बहिणीनं अंगठ्याचं पुन्हा विचारलं, आणि करुणानं ती गोष्ट सांगायला घेतली. उतार झाला, दगड झाला, बगळे झाले.

"मंग आमच्या बाईनं..."

"थांब," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत भाजी होती, ती मी समोरच्या सुपात ठेवली.

"नट सैल झाला हाय, हे मले आठ दिवस आधी दिसलं होतं. हिनं मले विचारलं बी होतं. मी म्हटलं, मले समजत नाई."

सासूबाईंचे हात थांबले. "मंग सांगितलं काहून नाई वो?"

"जळत होती मी, आई. हिच्यावर."

करुणाची बहीण कधी माझ्याकडे, कधी करुणाच्या अंगठ्याकडे पाहत होती. अंगणात पोरं लाकडी नंदी ओढत होती, त्यांच्या चाकांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. करुणानं मान वर केली नाही. पानं खुडतच ती म्हणाली, "मी इतके दिवस अर्धीच सांगत होती. बाकीची अर्धी तुमची होती. ती मी कशी सांगू?"

"तुले राग नाई आला माझा?"

"आला नं. अजून बी हाय."

"थोडा?"

"थोडा कायले? बराच हाय," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरचं सूप आपल्याकडे ओढून त्यातली उरलेली भाजी निवडायला लागली.